फाटकाबाहेरचे तीन दगड

सरोवराकाठच्या कोमुगा गावात सिप्रोसाला सिप्रोसा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती 'नियार गेम' झाली, म्हणजे गेम गावची लेक. पहिली मुलगी झाली तेव्हा 'मिन अलू', अलूची आई. आणि गेली तीन वर्षं लहानथोर सगळे तिला 'चूलवाली' म्हणत होते. तिला ते मनापासून आवडायचं. बाईच्या नावाला एरवी माहेर चिकटतं, नाहीतर मूल. हिच्या नावाला काम चिकटलं होतं, आणि ते काम ती डोक्यावर घेऊन गावभर मिरवत होती.

काम म्हणजे एक चूल. बाहेरून पत्रा, आत भाजक्या मातीचा गाभा, लाकूड सरकवायला पंज्याएवढं तोंड. कुणाच्या फाटकात उभी राहिली की सिप्रोसा आधी भाषण करायची नाही. "तुझ्याकडचा मका आणि घेवडा दे," म्हणायची, "आणि तीन काटक्या. चौथी मागितली तर मला हाकलून दे." मग अंगणातच बसून न्योयो शिजवायची. मका-घेवडा शिजायला अर्धा दिवस आणि अर्धी मोळी जाते, हे तिथल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तीन काटक्यांत शिजलेला दाणा बोटात चिरडून दाखवला की निम्मं काम झालेलं असायचं. उरलेलं निम्मं काम जिभेचं, आणि जीभ देताना देवानं हात राखला नव्हता.

ती नुसती पोटासाठी बोलत नव्हती. अलू चौदा महिन्यांची असताना तीन दगडांच्या उघड्या जाळात रांगत गेली. सिप्रोसा पाणी आणायला गेली होती. डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून गेली ती कायमची. सासू म्हणाली, देवाची मर्जी. देवाला काय, तान्ह्या पोरीचा हात भाजण्यावाचून दुसरं काम नव्हतं? पण सून असताना असं बोलता येत नाही. सिप्रोसानं ते गिळलं, आणि पुढं पंधरा वर्षांनी कंपनीचा माणूस नवी चूल घेऊन गावात आला तेव्हा सगळ्यात आधी तिनं त्या चुलीच्या भोवती हात फिरवून पाहिला. बाहेरचा पत्रा हात टेकवता येईल इतपतच तापला होता.

तो माणूस म्हणजे फेस्टो. वाढला शहरात, बूट नेहमी चकचकीत, बोली आपलीच पण जरा इस्त्री केलेली. त्यानं बायकांना झाडाखाली बसवून समजावलं की टेकडीचं टक्कल होत चाललंय, धुरानं आभाळ बिघडलंय, पाऊस म्हणून वेळेवर येत नाही. इथवर सगळ्यांना पटलं. टेकडी प्रत्येकीनं आपल्या डोक्यावरूनच खाली आणली होती. मग त्यानं सांगितलं की तुम्ही जो धूर काढणार नाही, तो कंपनी समुद्रापलीकडच्या लोकांना विकते आणि त्यातून चुली फुकट देते.

"न निघालेला धूर विकते?" एक म्हातारी म्हणाली. "मग माझ्या न झालेल्या कोंबड्यापण घेऊन जा की. पुष्कळ आहेत."

बायका हसून हसून लोळल्या. फेस्टोही हसला, पण एका बाबतीत त्याला हसू चालत नव्हतं. नवी चूल आली की जुने तीन दगड घरातून गेले पाहिजेत. दगड दिसले तर ते घर मोजणीत धरायचं नाही. आणि दगड फाटकाबाहेर टाकतानाचा फोटो हवाच.

हे ऐकून बायकांचं हसणं तिथंच थांबलं. त्या बोलीत चुलीला केंदो म्हणतात आणि लग्न करण्यालाही केंदोच म्हणतात. नवी सून आधी सासूच्या चुलीवर रांधते; मग एक दिवस सासू स्वतःच्या हातानं तीन दगड मांडून देते, आणि त्या दिवसापासून ती बाई त्या घरची. नवरा मेला तरी घरचीच. उलट बाई कायमची सोडून निघाली, तर जाताना आपले दगड उपटून फाटकाबाहेर फेकते. मग मागून कुणी काही विचारत नाही. आपल्याकडे भाऊ भाऊ चूल वेगळी करतात. तिथं दगड उपटले की संसारच मिटला.

फेस्टोला यातलं काही ठाऊक नव्हतं. सिप्रोसाला सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती म्हणाली, "दगडच तर आहेत."

फेस्टोनं तिला पत्र्याचा बिल्ला देऊन घरोघर चुली बसवायचं काम दिलं. मग तिनं युक्ती काढली. ओढ्यातले तीन दगड आणले, त्यांना काजळी फासली, आणि फोटोच्या दिवशी ते घरोघर फिरवले. बाईनं ते फाटकाबाहेर टाकायचे, फेस्टोच्या फोनमध्ये फोटो निघायचा, आणि खरे दगड तोवर कणगीखाली नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यात. त्यातल्या एका दगडाला मधोमध चीर होती. तो एकच चिरलेला दगड एकोणीस घरांतून हाकलला गेला, आणि फेस्टोला एकदाही संशय आला नाही. सिप्रोसाचे स्वतःचे दगड तिच्या कणगीखाली होते, वर एक पालथी टोपली. चहा-भाजी नव्या चुलीवर व्हायची. मोठ्या पातेल्यात कुओन, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ढवळायला दोन्ही हातांचा जोर लागतो आणि चूल नाचायला लागते, म्हणून तेवढ्यापुरते दगड बाहेर यायचे. पुढं सिप्रोसानं वारुळाची माती आणून चुली जमिनीत अर्ध्या गाडून दिल्या, तेव्हा नाच थांबला. तरी दगड कुणी टाकले नाहीत.

विसावं आणि शेवटचं घर डोरिनाचं होतं.

डोरिना म्हणजे सिप्रोसाची जिवाभावाची सवत. एका कुळातल्या सुना तिथं एकमेकींना सवतच म्हणतात, नवरे वेगळे असले तरी. डोरिनाचा नवरा ओबुरा मासेमारीला गेला आणि सरोवरानं परत दिला नाही, त्याला दोन वर्षं झाली होती. पदरात दोन मुली. धाकटा दीर ओकेच आधी म्हणाला, माझ्या घरात ये, रीत आहे. ती नाही म्हणाली. तेव्हापासून त्याचा डोळा तिच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर होता. तिथं त्याला दुकानं काढायची होती. जमीन अजून मेलेल्या सासऱ्याच्याच नावावर. डोरिनाचा तिथला हक्क म्हणजे सासूनं मांडलेले तीन दगड, आणि ती त्यांवर रोज रांधत होती, एवढाच.

त्या दिवशी नेमका फेस्टो एकटा आला नाही. अख्खं गाव पुरं होणार म्हणून मोठा कॅमेरा घेऊन शहरातून एक माणूस आला होता. दोघं थेट स्वयंपाकघरात शिरले. चिरलेला दगड सिप्रोसाच्या पाटीतच राहिला.

"सवतबाई, हे काय गं?" डोरिना हळूच म्हणाली. "खरेच काढायला सांगतायत."

"काढ की."

"म्हातारीनं मांडलेत ते. तिच्या हातचे आहेत."

"म्हातारी केव्हाच मातीत गेली. तुझा खोकला मात्र रोज रात्री मला माझ्या घरात ऐकू येतो. फोटो होऊ दे, संध्याकाळी मी स्वतः आत आणून ठेवते. तुझी शपथ."

"विसरलीस तर?"

"विसरायला मी काय पुरुष आहे?"

डोरिनाला हसू आलं. तिनं एकेक दगड उचलला, फाटकाबाहेर नेला आणि टाकला. "हसत टाका, मामा," कॅमेरावाला म्हणाला. तिथं आईच्या वयाच्या बाईला मामाच म्हणतात. "आणखी हसा." शेवटचा दगड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून डोरिना खरोखरच खदखदून हसली. नवरा गेल्यानंतर ती अशी हसलेली सिप्रोसानं पाहिली नव्हती.

संध्याकाळी सिप्रोसा विसरली. दुसरं काही कारण नाही. पलीकडच्या गावात दोन चुली बसवायच्या होत्या, तिथं बायकांनी जेवायला ठेवून घेतलं, अख्खं गाव पुरं केलेली बाई म्हणून तिचं कौतुक झालं, आणि ते ऐकत ती बसली. सकाळी आठवण होऊन धावत गेली तर फाटकाबाहेर दगड नव्हते.

"नेले असतील कुणी भिंतीला लावायला," ती म्हणाली.

"जाऊ दे," डोरिना म्हणाली. "चूल छान आहे गं. काल दोन काटक्यांत ओमेना मासळी शिजली."

सात महिने काहीच झालं नाही. डोरिनाचा खोकला गेला. मुली लाकडांऐवजी शाळेत जायला लागल्या. सिप्रोसा तिच्याकडे गेली की दोघी बिनधुराच्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसायच्या. मग बाजारात, दळणाच्या गिरणीच्या भिंतीवर, दारापेक्षा उंच रंगीत कागद लागला. त्यावर डोरिना, डोक्यावर दगड, तोंडभर हसू, मागं तिचंच फाटक. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मी जुन्याला निरोप दिला.'

पुढच्याच आठवड्यात ओकेचनं कुळाची बैठक बोलावली.

सियाला झाडाखाली म्हातारे बसले. मधे जादुओंग, म्हणजे सगळ्यात वडीलधारा, ओलाल. ऐंशीच्या पुढचा, एका कानानं बहिरा. फेस्टोलाही बोलावलं होतं. तो सिप्रोसाच्या शेजारी फटफटीला टेकून उभा होता. ओकेच आला तो खांद्यावर गोणी घेऊन. त्यानं गोणी म्हाताऱ्यांपुढे उपडी केली. तीन काळे दगड पडले. शेजारी त्यानं गिरणीवरचा तो कागद पसरला.

"मी काही बोलत नाही," तो म्हणाला. "मी धाकटा माणूस. ज्या बाईनं नवऱ्याचा केंदो आपल्या हातानं उपटला, फाटकाबाहेर फेकला, वर निरोप दिला म्हणून हसली, तिला आपल्या बोलीत काय म्हणतात तेवढं वडीलधाऱ्यांनी सांगावं. तिनं कुळ सोडलंय. मग घर कुणाचं?"

"मी चुलीसाठी काढले," डोरिना म्हणाली. "मी कुठं जाणार? माझ्या मुली इथल्या आहेत. हिला विचारा ना."

सगळे सिप्रोसाकडे वळले.

तिच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. संध्याकाळी परत आणून ठेवते असं मी शपथेवर सांगितलं होतं. तिचा टाकायचा विचारच नव्हता. एवढं म्हटलं असतं तर डोरिनाचं घर बहुधा वाचलं असतं. पण ते म्हणायचं तर फेस्टोच्या समोर हेही बाहेर पडणार की दगड परतच आणायचे असतात, गावभर तेच चाललंय. मग वीसच्या वीस घरं खोटी. चूलवाली पुन्हा नुसती नियार गेम. डोरिना तिच्याकडे बघत होती, आणि ती बघत होती ती त्याच वाक्याची वाट.

सिप्रोसाला वाटलं, याहून हुशार उत्तर आहे. जिभेनं आजवर कधी दगा दिला नव्हता.

"जादुओंग," ती म्हणाली, "हिनं टाकले म्हणून हिचं लग्न मोडलं? मग गावातल्या वीसही बायकांनी टाकलेत. मी टाकलेत. तुमच्या सुनेनं टाकलेत. ओकेच, तुझ्या बायकोनं टाकलेत, फेस्टोकडे फोटो आहे. सगळ्यांचीच लग्नं मोडली म्हणायची? मग या झाडाखाली बसलेले सगळे पुरुष बिनबायकोचे की!"

लोक हसले. डोरिनाही जराशी हसली. सिप्रोसाची छाती फुगली.

ओलालनं चांगला कान पुढं केला. "सगळ्यांनी टाकले?"

"सगळ्यांनी."

"मग बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. "सगळ्यांनी टाकले असतील तर रीतच बदलली, हिला एकटीला कसं धरायचं? ओकेच, तू हरलास." मग काठी टेकवत उठला. "चला, बघून तर येऊ. डोळ्यानं पाहिल्यावर मनाला समाधान."

सिप्रोसा वाटेत आडवी यायला पुढं झाली. पण म्हातारे निघाले होते, आणि निघालेल्या म्हाताऱ्यांना थांबवायची तिथं कुणाची टाप नाही.

पहिल्या घरात दगड खुराड्यात सापडले. दुसऱ्यात पाण्याच्या रांजणामागं. ओलालच्या सुनेनं ते लुगड्याच्या गाठोड्यात बांधून आढ्याला टांगले होते. म्हाताऱ्यानं काठीनं गाठोडं हलवलं आणि पुढं चालू लागला. ओकेचच्या बायकोचे तर चुलीशेजारीच होते, अजून कोमट. फेस्टो आधी लिहून घेत होता, मग त्यानं लिहिणं सोडलं. शेवटी सगळी वरात सिप्रोसाच्या अंगणात आली. तिचा नवरा कणगीपाशी उभा होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाला. कुणीतरी टोपली उचलली. तीन दगड, सासूनं मांडलेले, सुके, जसेच्या तसे.

एकोणीस घरांत दगड होते. एका घरात नव्हते.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं," ओलाल हळूहळू म्हणाला. "दगड टाकले तर काय होतं ते प्रत्येकीला ठाऊक होतं, म्हणून प्रत्येकीनं लपवले. हिनं एकटीनं टाकले. मग हिनं समजून उमजूनच टाकले ना?"

तेव्हा सिप्रोसानं ते वाक्य म्हटलं. मातीत गुडघे टेकून म्हटलं, की मी शपथ घेतली होती, मी विसरले, तिचा काही दोष नाही.

"नियार गेम," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, "मघाशी तू म्हणालीस सगळ्यांनी टाकले. आता हे म्हणतेस. यातलं कुठलं मी या कानानं ऐकू?"

पावसाच्या आधी डोरिनानं घर सोडायचं ठरलं. कुणी म्हणालं, कोर्टात जा. कोर्ट तिथून तीन तासांवर, आणि खटला मुलींची लग्नं होईपर्यंत चालतो. डोरिनानं दोन दिवसांत गाठोडी बांधली.

सिप्रोसा फाटकाशी गेली. आत जायची हिंमत झाली नाही. डोरिनानं चुलीभोवतीची माती खणून चूल मोकळी केली होती आणि ती डोक्यावर घ्यायला चुंबळ वळत होती.

"ही घेऊन चालले," ती म्हणाली. "हिच्यावर माझा राग नाही. खोकला हिनंच घालवला."

"सवतबाई, मी..."

"एक विचारू? त्या संध्याकाळी माझे आणायला तू विसरलीस. तुझे कणगीखाली घालायला कशी विसरली नाहीस?"

सिप्रोसानं फाटक उघडून धरलं. धाकट्या मुलीनं चूल उचलायला आईला हात दिला आणि तिघी रस्त्याला लागल्या. जिथं दगड पडले होते तिथं आता गवत उगवलं होतं, त्यावर पाय देऊन गेल्या.

महिन्याभरात कंपनीनं कोमुगाचं नाव काढून टाकलं. फेस्टोचा पत्र्याचा बिल्ला सिप्रोसानं परत केला. चुली मात्र कुणी नेल्या नाहीत. त्या अजून घराघरात आहेत, आणि शेजारी तीन दगडही आहेत, आता लपवायचंही कारण उरलं नाही. ओकेचची दुकानं उभी राहिली. सिप्रोसा पुन्हा नियार गेम झाली. अलूचं लग्न झालं तेव्हा सासूनं तिच्यासाठी दगड मांडले, आणि चिकटलेल्या बोटांच्या हातानं अलूनं त्यांत पहिला जाळ घातला. सिप्रोसानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

गिरणीच्या भिंतीवर तो कागद पुन्हा कुणीतरी डकवला होता. उन्हानं त्यातला लाल रंग उडाला, पण डोरिनाचं हसू तसंच होतं. दळणाच्या रांगेत पलीकडच्या गावची एक कोवळी सून पोर पाठीला बांधून उभी होती. बराच वेळ कागदाकडे बघून तिनं विचारलं, "ही कोण हो, मामा?"

"आमच्या कोमुगातली," सिप्रोसा म्हणाली. "अख्ख्या गावात हिनं एकटीनंच चूल बदलली."

"आमच्याकडेपण येणार आहेत म्हणे त्या चुली. चांगल्या असतात का? घेऊ?"

सिप्रोसानं तिच्या पाठीवरच्या पोराचे हात पाहिले. दहाही बोटं सुटी होती.

"घे," ती म्हणाली. "पोरासाठी घे. पण दगड टाकू नकोस, कुणी कितीही हस म्हणालं तरी."